बीडला रूळ आले, आता मालधक्का मागा

गेवराई तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलं आहे: "बीडला रेल्वे आली. सगळी चर्चा प्रवासी गाड्यांची, मुंबईची कधी सुटणार, पुण्याची कधी. पण मालगाडी सुरू झाली तर आमच्यासारख्या गावांना नक्की काय मिळेल? ट्रक तर थेट शेताच्या बांधापर्यंत येतो. आणि मागणी करायचीच असेल तर कशाची करायची?"

प्रश्न अगदी वेळेवर आला आहे. मी चौतीस वर्षं मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या मालधक्क्यांवर काढली, सुरुवातीला गुड्स क्लार्क म्हणून आणि शेवटी सुपरवायझर म्हणून. आता निवृत्त आहे, पण गोण्यांचा वास अजून नाकातून गेलेला नाही. उत्तर जरा लांबेल.

आधी मुद्द्याचं बोलतो. गावाजवळून रूळ गेले म्हणून गावाचं भलं होत नाही. मालगाडी जिथे थांबते, जिथे तिची दारं उघडतात आणि माल खाली उतरतो, ती जागा तुमच्या टप्प्यात असेल तर होतं. त्या जागेला आपण मालधक्का म्हणतो. लोक स्टेशन मागतात, एक्सप्रेसला थांबा मागतात, त्यासाठी रेल रोको करतात. मालधक्का मागायला आलेला मोर्चा मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिला नाही.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. मंजुरी नव्वदच्या दशकातली. सप्टेंबर २०२२मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पोचली. निम्मा खर्च राज्य सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर लोकांना आधी प्रवासी गाडी आठवणार, हे बरोबरच आहे. पण कोणत्या स्टेशनावर किती लांबीची लाईन, कुठे धक्का, कुठे गोदाम, हे सगळं या पहिल्या काही वर्षांत ठरतं. एकदा ठरलं की पुढची पिढी त्याच आखणीवर काम करते.

एका रेकचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या वॅगनांच्या अख्ख्या मालगाडीचं, गणित मांडतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. बंद वॅगनचा, ज्याला आम्ही बीसीएन म्हणतो, रेक ४२ वॅगनांचा असतो. एका वॅगनमध्ये साधारण ६२ टन माल बसतो. म्हणजे अख्ख्या रेकमध्ये २,६०० टनांच्या आसपास. पन्नास किलोच्या पोत्यांत मोजलं तर ५२ हजार पोती. युरियाची पिशवी २०१८पासून ४५ किलोची झाली, त्या हिशेबानं ५७ हजारांच्या वर. हाच माल दहाचाकी ट्रकनं आणायचा म्हटला आणि ट्रकमागे सोळा टन धरले, तर एकशे साठ ट्रक लागतील. एकशे साठ ड्रायव्हर, तेवढेच क्लीनर, आणि त्यांचं डिझेल. रेकला दोन ड्रायव्हर आणि मागे एक गार्ड. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं, म्हणून टनामागे लागणारं इंधनही कमी. विजेचं इंजिन असेल तर डिझेलचा प्रश्नच मिटला.

तुमच्या तालुक्याला पहिला आणि सगळ्यांत मोठा फायदा खताचा होईल. खत कारखान्यातून निघो की बंदरावरून, लांबचा पल्ला ते रेकनंच गाठतं. आजवर बीडला रूळच नव्हते, त्यामुळे तुमच्याकडचं खत जालना, परळी अशा लांबच्या धक्क्यांवर उतरून ट्रकनं यायचं. आता मृगाच्या पहिल्या पावसाचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. कापूस टोबायचा आहे, सोयाबीन पेरायचं आहे, आणि सगळ्या तालुक्यांना डीएपी आणि १०:२६:२६ ही खतं एकाच वेळी हवी आहेत. त्याच आठवड्यात ट्रक मिळत नाही, मिळाला तर भाडं चढलेलं. युरियाचा दर सरकारनं बांधून दिलेला आहे, पण धक्क्यापासून दुकानापर्यंतचं भाडं आणि हमाली कुणाच्या तरी खिशातून जातेच. बहुतेक वेळा ती "खताबरोबर हे औषधही घ्यावं लागेल" अशा रूपात शेतकऱ्याकडून वसूल होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. गेवराईपासून बीड हे जालन्याच्या निम्म्या अंतरावर आहे. बीडला धक्का झाला तर ट्रकची एक खेप होत होती तिथे दिवसात दोन-तीन होतील. पेरणीच्या त्या आठवड्यात एवढ्यानंसुद्धा दुकानापुढची रांग मोडते.

आता रेक लागल्यावर काय होतं, ते जवळून सांगतो. रात्री दोनला स्टेशनवरून निरोप येतो, रेक लागतोय. अंधारात बॅटरी घेऊन प्रत्येक वॅगनचं सील तपासायचं, नंबर वहीत उतरवायचे. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या वॅगनचं दार सरकवलं की आतून गरम वाफ अंगावर येते, युरिया असेल तर डोळे चुरचुरतात. मुकादम टोळी वाटून देतो, या दारावर इतके, त्या दारावर इतके. हमाल रिकाम्या गोणीची खोळ डोक्यावर घेतात, वॅगनच्या दारातून ट्रकच्या फाळक्यावर फळी टाकतात आणि सुरू होतात. ५२ हजार पोत्यांना दोनशे हमाल लावले तरी एकेकाच्या पाठीवरून २६० पोती जातात. म्हणजे १३ टन. एका माणसाच्या पाठीवरून, एका रेकला. आणि हे सगळं मोजक्या तासांत उरकायचं असतं, कारण ठरलेली मुदत संपली की रेल्वे दर वॅगनमागे, दर तासाला डॅमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, लावते. बेचाळीस वॅगन धरा आणि आकडा किती वेगानं चढतो ते बघा. उजाडता उजाडता चहाचा गाडा येतो, मग सांडलेलं धान्य झाडून न्यायला खराटे घेऊन बायका येतात. गव्हाचा रेक असेल त्या दिवशी त्यांच्या घरची भाकरी त्या झाडलोटीतून निघते.

मी हे मुद्दाम सविस्तर सांगतोय. मालधक्क्यानं गावाला काय मिळतं असं विचारलं की लोक आधी व्यापाऱ्याचा विचार करतात. मला आधी ती टोळी दिसते. बीड जिल्हा हा कोयत्याचा जिल्हा आहे. दिवाळी झाली की गाड्या भरून नवरा-बायको उसाच्या फडावर जातात, पोरांची शाळा सुटते, म्हातारी माणसं घर राखतात. मालधक्का त्या लाखो लोकांचा प्रश्न सोडवणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. पण चालता धक्का दोनशे हमालांना, वीस-पंचवीस ट्रकवाल्यांना, तोलाईवाल्यांना, गॅरेजवाल्याला, खानावळीला वर्षभर काम देतो. खरिपात आणि रब्बीत खत येतं, ऑक्टोबरपासून सोयाबीन बाहेर जातं, उन्हाळ्यात सिमेंट. दोनशे घरांतला कोयता खाली ठेवला गेला तर मला ते थोडं वाटत नाही. मात्र हे हमाल माथाडी मंडळात नोंदलेले हवेत. १९६९चा माथाडी कायदा आपल्या राज्यात आहे. नोंदणी असेल तर भविष्य निर्वाह निधी आहे, औषधपाणी आहे. नसेल तर तीच पाठ पन्नाशीत मोडते आणि कुणी विचारत नाही.

बाजारपेठ कशी उभी राहते ते पाहायचं तर लातूरकडे बघा. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी १९११मध्ये लातूरला पोचली. गंजगोलाई ही तिथली गोल बाजारपेठ उभी राहिली ती १९१७मध्ये. त्या काळी आसपासच्या गावांतून बैलगाड्या भरून माल लातूरला येऊ लागला, कारण इथून तो पुढे जाईल याची खात्री होती. आज तुम्ही सकाळी उठून मोबाईलवर सोयाबीनचा लातूरचा भाव बघता, त्याची मुळं त्या अडीच फुटी रुळांत आहेत. तसंच मनमाड-सिकंदराबाद मार्गाचं. निजामाच्या राज्यात १९००च्या आसपास तो मीटरगेज मार्ग झाला आणि जालना, सेलू, परभणी, नांदेड ही गावं कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची ठिकाणं झाली.

पण दोन्हीकडे एक अडचण राहिली, आणि तिनं मराठवाड्याला फार मागे ठेवलं. रुळांची रुंदी वेगळी. लातूरचं पोतं कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत भरायचं. औरंगाबादचा माल मनमाडला तसाच. एकच पोतं दोनदा हमालांच्या पाठीवर, दोनदा हमाली, दोनदा फाटण्याची भीती, आणि मध्ये कित्येक दिवसांचा खोळंबा. मनमाडकडून ब्रॉडगेज (मोठ्या गाडीचा रुंद मार्ग) आली नव्वदच्या दशकात. लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज व्हायला २००७-०८ उजाडलं. देशाच्या बाकी भागात अख्खे रेक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होते तेव्हा आपण पोती बदलत होतो.

त्या ब्रॉडगेजचा अर्थ मला २०१६च्या उन्हाळ्यात कळला. लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. तेल वाहून नेणाऱ्या टाकीच्या वॅगन राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला लागली, दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वॅगनांची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. पंचवीस लाख लिटर पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर, आणि ते रोज साडेतीनशे किलोमीटर पळवायचे. शक्यच नव्हतं. आणि दहा वर्षं आधी हा दुष्काळ पडला असता, मार्ग अडीच फुटी नॅरोगेज असताना, तर ती गाडी येऊ शकली नसती. दुष्काळी मुलखाला मालगाडीचा रूळ ही संकटात येणारी वाट असते. चारा असो, पाणी असो, धान्य असो, एका वेळी अडीच हजार टन आणू शकणारं दुसरं वाहन जमिनीवर नाही.

आता तुमचा माल बाहेर जाण्याबद्दल. इथे जरा खरं बोलावं लागेल.

तुमच्या कंपनीचे हजार सभासद धरू, आणि प्रत्येकानं दोन टन सोयाबीन दिलं. झालं दोन हजार टन. अख्खा रेकसुद्धा भरत नाही. आणि ते दोन हजार टन एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच प्रतीचं, पोत्यात भरून तयार हवं. रेल्वे लहान रेकही देते, वीस वॅगनांचा मिनी रेक म्हणजे साधारण १,२०० टन, पण त्यालाही अंतराच्या आणि हंगामाच्या अटी असतात. म्हणून एकट्या कंपनीनं रेल्वेकडे जाऊन उपयोग नाही. गेवराई, माजलगाव, शिरूर, पाटोदा, बीड अशा पाच-सहा कंपन्या, एखादी बाजार समिती, एखादा साखर कारखाना, दोन-चार जिनिंगवाले एकत्र बसले तर महिन्याला किती रेक निघतील हे सांगता येतं. रेल्वेला नेमकं तेच ऐकायचं असतं. वर्षाला किती टन, कुठून, कुठे.

रेक भरेपर्यंत थांबायचं कुणी, हा दुसरा प्रश्न. शेतकऱ्याला पैसे लगेच हवेत, उसनवारी फेडायची असते. म्हणून धक्क्याला लागून गोदाम हवं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तुम्हाला ठाऊक असेलच, गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम आधी मिळते. वखार महामंडळाचं गोदाम, तारणाची सोय आणि रेकची लाईन एकाच आवारात आली, तर माल साठतो, शेतकरी अडत नाही आणि रेक भरतो. या तीन गोष्टी तीन दिशांना असल्या की प्रत्येक ठिकाणी पुन्हा ट्रक, पुन्हा हमाली, आणि रेल्वेचा सगळा फायदा तिथेच जिरतो. मी अशी गोदामं पाहिली आहेत, रुळापासून चार किलोमीटरवर. त्यांचा माल शेवटी ट्रकनंच गेला.

लहान कंपनीला रेकपेक्षा सोयीचा आहे कंटेनर. वीस फुटी कंटेनरमध्ये पंचवीस टनांच्या आसपास माल बसतो, आणि कंटेनरच्या एका गाडीवर असे नव्वद कंटेनर चढतात. नव्वदपैकी तुमचे दोन असले तरी चालतं. गेवराईला यासाठी बीडपेक्षा जालना महत्त्वाचं. तिथल्या ड्रायपोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर बंदराचं, भूमिपूजन डिसेंबर २०१५मध्ये झालं. तिथून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत कंटेनर गाड्या ठरल्या वाराला, ठरल्या वेळी धावणं ही मागणी तुमचीही असली पाहिजे, फक्त जालन्याच्या उद्योजकांची नाही. त्याचं कारण समजून घ्या. जालन्यात सळया बनवणाऱ्या गिरण्या आहेत आणि त्यांना भंगार लोखंड लागतं. बंदरावरून भंगार भरलेले कंटेनर जालन्याला आले की तिथे रिकामे होतात. रिकामा कंटेनर परत नेणं म्हणजे गाडीचं नुकसान. तुमच्या कापसाच्या गाठी, सोयाबीनची पेंड, डाळ त्यात भरली तर परतीचं भाडं कमी पडतं. १७० किलोची एक गाठ, कंटेनरमध्ये शिस्तीत रचता येते, भिजत नाही, मळत नाही. दोन्ही बाजूंनी भरलेली गाडीच टिकते. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं नक्की शिकलो की एका दिशेनं भरून आणि दुसऱ्या दिशेनं रिकामी धावणारी गाडी कुणाला तरी महाग पडतेच, आणि ती आधी बंद होते.

कोणता माल रेल्वेला देऊ नये, तेही सांगतो. मोसंबी बागेतून तोडून थेट दिल्लीला पाठवायची असेल तर ट्रक बरा. बागेत भरतो, मंडईत उतरतो, मध्ये कुणी हात लावत नाही. रेल्वेच्या पार्सल व्हॅनमध्ये २३ टन बसतात, पण चढ-उतार चार वेळा. किसान रेल आठवते ना? ऑगस्ट २०२०मध्ये देवळाली-दानापूर पहिली सुटली, पुढे आपल्या नांदेड विभागातल्या नगरसोलहून कांदा थेट ईशान्य भारतात गेला. भाड्यात निम्मी सवलत होती. ती संपली तशा गाड्याही ओसरल्या. मला त्या गाड्यांचं फार कौतुक होतं, अजूनही आहे. कांद्याला गुवाहाटीचा बाजार दिसला ही लहान गोष्ट नाही. पण सवलतीवर उभा केलेला व्यवहार सवलतीबरोबर जातो, हे धरूनच हिशेब करा. माझ्या अनुभवात चारशे-पाचशे किलोमीटरच्या पुढे, जड आणि टिकाऊ माल असेल तर रेल्वे परवडते. त्याच्या आत ट्रकच.

एक प्रसंग सांगतो. स्टेशनचं नाव घेत नाही. एप्रिल महिना, सिमेंटचा रेक लागला होता. धक्क्यावर छप्पर नव्हतं. छपराचा प्रस्ताव तीन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होता. ट्रक कमी पडले म्हणून आम्ही पोती उघड्यावर थप्पी मारून ठेवली. मुदत संपत आली होती, वॅगन रिकामी करणं भाग होतं. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि अर्ध्या तासात गारांसह अवकाळी. ताडपत्र्या होत्या तेवढ्या टाकल्या, हमाल स्वतःच्या अंगावरच्या खोळी घेऊन धावले. तरीही सहाशेच्या वर पोती भिजली आणि दोन दिवसांत दगड झाली. नुकसान कुणाचं झालं? तालुक्याच्या गावात लहानसं दुकान चालवणाऱ्या एका माणसाचं. तो पोत्यांवर हात फिरवत उभा होता, एक शब्द बोलला नाही. पुन्हा त्यानं आमच्या धक्क्यावर माल मागवला नाही, ट्रकनंच आणत राहिला. रेल्वेचा एक गिऱ्हाईक कमी झाला तो दराच्या कारणानं नाही, चार पत्र्यांच्या कारणानं.

बीडचं सध्या एक दुखणं असं की मार्ग तिथे येऊन थांबतो. टोकाच्या स्टेशनावर रेक आला की इंजिन फिरवून आल्या वाटेनंच परत. परळीपर्यंतचा टप्पा जोडला गेला की चित्र बदलेल. परळीहून एक मार्ग परभणीकडे जातो, एक लातूर रोडमार्गे विकाराबादला, म्हणजे तेलंगणाकडे. दुसऱ्या टोकाला अहिल्यानगर, दौंड, पुणे. मग बीड हे शेवटचं स्टेशन न राहता वाटेवरचं होईल, आणि वाटेवरच्या स्टेशनाला रेक मिळणं सोपं असतं. म्हणून तुमच्या निवेदनात परळी जोडणी आधी, प्रवासी गाड्या नंतर, असा क्रम मी ठेवीन.

बाकी मराठवाड्यातही हीच अडचण वेगळ्या रूपात आहे. मनमाडपासून परभणीपर्यंत एकेरी मार्गावर दिवस काढले आपण. एकेरी मार्गावर मालगाडीला मान शेवटचा. समोरून एक्सप्रेस येते, मागून एक्सप्रेस येते, आणि मालगाडी लूपलाईनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासन् तास उभी. जालन्याहून निघालेला रेक मनमाडला कधी पोचेल हे मी व्यापाऱ्याला कधीच छातीठोकपणे सांगू शकलो नाही. परभणी-मुदखेड दुहेरीकरण झालं. औरंगाबाद-अंकाई दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली, आणि २०२५मध्ये औरंगाबाद-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणालाही केंद्रानं मान्यता दिली. जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा नवा मार्ग २०२४मध्ये मंजूर झाला आहे. तो झाला की जालन्याचा माल मनमाडला वळसा न घालता थेट खानदेशात आणि तिथून गुजरातच्या बंदरांकडे जाईल. हे सगळे प्रकल्प मालवाहतुकीचेच आहेत, जरी वर्तमानपत्रात फोटो प्रवासी गाडीचा येत असला तरी.

गावाला याचा त्रासही होतो, तोही माहीत असू द्या. धक्का गावाच्या मध्यभागी असेल तर ट्रकांची रांग शाळेसमोरून जाते. सिमेंटची धूळ घराघरांत बसते. कोळशाचं विचाराल तर परळीकरांना विचारा, औष्णिक केंद्राचा कोळसा आणि राख त्यांनी वर्षानुवर्षं अंगावर घेतली आहे. फाटक बंद राहतं, रुग्णवाहिका अडकते. म्हणून धक्का गावाबाहेर, वळणरस्त्याला लागून हवा आणि फाटकाऐवजी भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल आधी हवा. धक्का झाल्यावर पूल मागितला तर तो दहा वर्षांनी येतो.

आता निवेदनात काय लिहाल. पहिली गोष्ट लांबी. बेचाळीस वॅगन, एकेक साडेचौदा मीटरची, इंजिन आणि ब्रेकव्हॅन धरून साडेसहाशे मीटर होतात. पूर्ण रेक एका दमात उभा राहील एवढी सरळ लाईन आणि तिला लागून पूर्ण लांबीचा धक्का मागा. अर्ध्या लांबीचा मिळाला तर रेक दोन तुकड्यांत लावावा लागतो, त्यात वेळ जातो, डॅमरेज चढतं आणि व्यापारी दुसरीकडे वळतो. दुसरी गोष्ट, छप्पर आणि फरशी, आणि धक्क्यापर्यंत भरलेला ट्रक पावसाळ्यात रुतणार नाही असा काँक्रीटचा रस्ता. तिसरी, रात्री उजेड. रेक रात्रीच लागतात.

पैसे नाहीत असं उत्तर आलं तर गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण दाखवा. डिसेंबर २०२१पासून ते लागू आहे, त्यात खासगी किंवा सहकारी संस्थेला स्वतःच्या जमिनीवर टर्मिनल उभं करता येतं. रेल्वेची जमीन अशा कामासाठी पस्तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, बाजारमूल्याच्या वार्षिक दीड टक्क्यानं देण्याचा निर्णय २०२२मध्ये झाला. बाजार समिती किंवा साखर कारखाना यात उतरू शकतो. एकट्या शेतकरी कंपनीनं एवढं धाडस करू नये, पण भागीदार म्हणून आत असावं, नाहीतर दर ठरवताना तुमचं कुणी ऐकणार नाही.

अर्ज कुणाकडे द्यायचा हेही नीट बघा. मराठवाडा दोन झोनांत विभागलेला आहे. बीड-अहिल्यानगर मध्य रेल्वेकडे, परळी आणि जालना दक्षिण मध्य रेल्वेकडे. एकाकडे दिलेला कागद दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. २०२०पासून प्रत्येक विभागात बिझनेस डेव्हलपमेंट युनिट आहे, त्यांचं कामच नवीन माल शोधणं. आमदार-खासदारांचं पत्र जोडा, पण त्याच्या वर तुमचा आकड्यांचा तक्ता ठेवा. गेल्या तीन वर्षांत या पाच तालुक्यांत किती खत आलं, किती सोयाबीन, किती गाठी, किती साखर बाहेर गेली, कुठे गेली, महिन्यावार. कृषी खात्याकडे, बाजार समितीत, जिनिंगवाल्यांच्या वह्यांत हे आकडे पडलेले आहेत. दोन पोरं बसवा, महिनाभरात तक्ता होईल. मी नोकरीत असताना असा तक्ता घेऊन आलेल्या माणसाला साहेबांनी कधी उभं ठेवलेलं पाहिलं नाही.

आणि त्या तक्त्याखाली शेवटच्या ओळीत हमालांसाठी सावलीची शेड, पिण्याचं पाणी, आणि बायका-पुरुषांसाठी वेगळं स्वच्छतागृह लिहा. नकाशा काढतानाच लिहा. मी काम केलेल्या धक्क्यांपैकी एकावरही हे पहिल्यापासून नव्हतं. तेरा टन पाठीवरून गेलेला माणूस ट्रकच्या चाकाच्या सावलीत झोपायचा, आणि ट्रक सुरू करण्याआधी ड्रायव्हर वाकून खाली बघायचा.